कडेचा तुकडा

कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या लॅबच्या पाटीवर माझं नाव होतं. ते वाचून कुणी आत आलं, तर बहुधा चुकून आलेलं असायचं. त्याला शेजारचा दातांचा दवाखाना हवा असायचा. पॅथॉलॉजिस्टचं असंच असतं. लोक सर्जनच्या पाया पडतात, फिजिशियनच्या घरी गुळाची ढेप पोचवतात. ज्याच्या रिपोर्टवर सगळं ठरतं, त्याचा चेहरा पेशंटला ठाऊक नसतो. निवृत्त होईपर्यंत हा माझा ठरलेला विनोद होता. आता मी तो कुठं सांगत नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी व्यवसायातल्या गमतीजमती मागितल्या. गमती आहेत, त्यातल्या एक-दोन लिहितोही. पण हे लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. नेसरीत एक सून आहे. तिनं चोरून मशेरी पुरवली म्हणून सासूचा तोंडाचा कॅन्सर उलटला आणि सासू गेली, असं तिचं गाव मानतं. गाव तसं मानतं, कारण डॉक्टर तसं म्हणाले. तो डॉक्टर मी. ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे मला त्याच वेळी माहीत होतं.

या लेखातली नावं मी बदलणार होतो. सून म्हणाली, "बाकीच्यांची बदला. माझं बदलू नका." म्हणून तिचं तेवढं जसंच्या तसं ठेवलं आहे. तिचं नाव सुवर्णा.

आता धंद्याबद्दल. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारा, असा समज आहे. तेही करतो. पण माझं मुख्य काम तुकड्यांचं. माणसाच्या अंगातून काढलेला कुठलाही भाग आमच्याकडं येतो. तो फॉर्मॅलिनमध्ये घट्ट होऊ द्यायचा, त्याचे काप करायचे, काप मेणात बसवून काडेपेटीहून लहान ठोकळा करायचा, त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पापुद्रे काढून काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. गुलाबी-जांभळ्या रंगाची दाटी दिसते. तीत कोण आपापल्या रांगेत बसलंय आणि कोण रांग मोडून आत घुसलंय, हे ओळखायचं आणि सही करायची.

यातलं बाकी सगळं शिकवता येतं. अवघड असतं ते तुकडा कुठून कापायचा हे ठरवणं. चुकीच्या जागेचा काप कितीही सुरेख रंगवला, तरी तो त्या चुकीच्या जागेचीच हकिगत सांगतो. हे वाक्य मी माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं आहे.

तुकडे कशाकशातून यायचे. भर पावसात गगनबावड्याकडून एक गृहस्थ आले. त्यांच्या भावाच्या जिभेवरचा तुकडा त्यांनी देशी दारूच्या बाटलीत घालून आणला होता. तिकडच्या दवाखान्यात फॉर्मॅलिन संपलेलं. मी रागावलो तर म्हणाले, "सायेब, माझा भाऊ ह्यात पंधरा वर्सं टिकलाय. तुकडा दोन दिवस टिकणार न्हाय व्हय?" तुकडा टिकला होता. भाऊ मात्र टिकला नाही. दुसरे एक जण दर वेळी काउंटरवर वाकून सांगायचे, "रिपोर्टात कॅन्सर लिवू नका. म्हाताऱ्याला वाचता येतंय. गाठ लिवा." मी म्हणायचो, "मी गाठ लिहिली तर सर्जन गाठीचं ऑपरेशन करतील." ते म्हणायचे, "मग सर्जनला फोन करा, म्हाताऱ्याला गाठ लिवा." असले दोन-दोन रिपोर्ट मी कधी दिले नाहीत. कागदावर मी कधीच खोटं लिहिलं नाही. माझं खोटं तोंडी झालं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त यायची ती तोंडं. गालाची, जिभेची, हिरडीची. पुरुषांचा गुटखा आणि तंबाखू-चुना, बायकांची मशेरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना लावायची. लावणारी प्रत्येक बाई सांगते की दात घासते. खरं तर त्या वेळी ती दाराच्या पायरीवर जरा एकटी बसलेली असते आणि तेवढा वेळ तिला कुणी काम सांगत नाही. ही सवय सुटत नाही, त्यात तंबाखूइतकाच त्या पायरीचाही वाटा असावा, असं मला अलीकडं वाटू लागलं आहे.

या तोंडांच्या निमित्तानं बाहेरच्या एका संशोधन संस्थेतली मंडळी आमच्याकडं आली. त्यांचा प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता. दोन माणसांची गाठ एकाच जागची, एकाच मापाची. दोघांचं ऑपरेशन नीट झालेलं. एक जण वर्षानुवर्षं खणखणीत राहतो. दुसऱ्याची गाठ पुढच्या दिवाळीच्या आत परत येते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या काचा सारख्याच दिसतात. मग कुणाची परत येणार, हे आधी कसं ओळखायचं?

त्यांचा मार्ग जनुकांचा होता. तो मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचो तसाच इथं सांगतो. गावातल्या घराघरांत भांडी साधारण तीच असतात. फरक असतो तो आज चुलीवर काय चढलंय यात. दारावरून जाताना वासावरून कळतं की या घरात लग्न आहे. जिथं चूल पेटलेलीच नाही, तिथं काय झालंय तेही कळतं. शरीरातल्या पेशींचं तसंच आहे. जनुकं सगळ्यांत तीच. पण कुठली जोरात चालू आहेत, कुठली मंद, कुठली गप्प, यावर ती पेशी पुढं काय करणार याचा अंदाज बांधता येतो. चालू असलेलं जनुक पेशीत निरोप पाठवत असतं. ते निरोप मोजायचे आणि त्यावरून गाठीला धोक्याचे गुण द्यायचे: कमी किंवा जास्त. हे सगळं तेव्हा पडताळणीच्या पायरीवर होतं. आजही एवढ्यावर विसंबून तोंडाच्या कॅन्सरचा उपचार ठरवावा, असं कुणी जाणकार सांगणार नाही.

त्यांच्या अटी साध्या होत्या. हे निरोप फार लवकर विरतात, म्हणून तुकडा ऑपरेशननंतर लगेच, ताजा घ्यायचा. तो मधोमध कापायचा. अर्धा त्यांच्या थंड द्रावणात, अर्धा आमच्या मेणात. मेणातल्या अर्ध्याची काच बघायची, त्यात गाठ पुरेशी आहे अशी खात्री करायची आणि मगच पहिला अर्धा पाठवायचा. शेवटची अट, गुण पेशंटला सांगायचे नाहीत.

आमच्या लॅबची एक रीत होती, मीच घातलेली: आधी पेशंटचा रिपोर्ट, मग संशोधन. गाठीचा मधला, भरीव भाग रिपोर्टसाठी आमच्या ठोकळ्यात जायचा. कडेचा उरलेला भाग संशोधनाला. ही रीत मला आजही बरोबर वाटते. मोठ्या गाठीत कडेलाही गाठच असते. अडचण व्हायची ती हिरडीच्या गाठीत. ती हाडावर पातळ पसरलेली असते. मधला भाग काढून घेतला की कडेला काय उरलंय, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठीच ती काच बघायची अट होती.

पण मेणाची काच तयार व्हायला दुसरा दिवस उजाडतो. तोवर द्रावणातला तुकडा फ्रीझरमध्ये ठेवायचा, आणि वीज गेली की आमच्या फ्रीझरचा भरवसा नव्हता. म्हणून मी पार्सल त्याच दिवशी पाठवायला लागलो. काच नंतर बघू, शंका वाटली तर कळवू. पहिल्या पहिल्यांदा बघितल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. मग बघायच्या राहू लागल्या. मेणाचे ठोकळे ड्रॉवरमध्ये साठत गेले. कोल्हापूरहून येणारा नमुना कधी वाया जात नाही, असं संस्थेतले लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

गंगाक्का लॅबमध्ये आली ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी पाठवली म्हणून. हिरडीचा छोटा तुकडा काढून त्यांनी बाटली तिच्याच हातात दिली होती. काटकुळी बाई, डोक्यावर पदर, आवाज मात्र सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा. मागं सून, सुवर्णा.

"डॉक्टर, हा माझा तुकडा. जपून ठेवा. आधीच माझ्यात लई माल न्हाय."

मी विचारलं, "मशेरी लावता?"

"लावतो की. तुम्ही काय लावता?"

"पेस्ट."

"दात हायत सगळे?"

"दोन गेलेत."

"माझं सगळं हायत," ती म्हणाली आणि सुनेकडं वळून बघितलं. सुवर्णा तोंडाला पदर लावून हसत होती. "आत्ती, गप बसा की. डॉक्टर हायत ते."

"मग? डॉक्टरला दात नसत्यात व्हय?"

तुकड्यात कॅन्सर निघाला. गंगाक्काचं ऑपरेशन झालं. हिरडी, जबड्याचा थोडा भाग, मानेतल्या गाठी. सगळं माझ्याकडं आलं. मानेतल्या गाठींत रोग पोचला नव्हता. हाडाच्या बाजूला मात्र कॅन्सर आणि सर्जननं जिथं कापलं ती कड, यांच्यात अंतर फारच थोडं होतं. ते मी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. त्यावरून सर्जननी शेक घ्यायला सांगितला. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात. कित्येक आठवडे, रविवार सोडून रोज कोल्हापूरला यायचं.

नियमाप्रमाणं तिच्या गाठीचाही एक कडेचा तुकडा मी संशोधनासाठी कापला. अर्धा द्रावणात, अर्धा मेणात. पार्सल त्याच दिवशी गेलं. मेणातला अर्धा ड्रॉवरमध्ये गेला.

पुढं तिचे यजमान, आप्पासाहेब, रिपोर्टची प्रत न्यायला आले. उंच, शांत माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसले. गंगाक्का बाहेर बाकावर होती, दार उघडंच होतं.

"सायेब, सर्जन म्हणत्यात शेक घ्या. ही न्हाय म्हणती."

बाहेरून आवाज आला, "मशेरी भाजल्यागत मला भाजणार, आणि मी व्हय म्हणू?"

"तू थांब गं." ते माझ्याकडं वळले. "तुम्ही तिचा तुकडा बघितलासा. तुकडा काय म्हणतोय?"

"कडेला अंतर कमी आहे. सर्जन सांगतात ते बरोबर आहे."

इथं थांबलो असतो, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण ते उठले नाहीत. म्हणाले, "तुमच्या घरातली असती, तर काय केलं असतं तुम्ही?"

मला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो सर्जनना विचारतात. मी काचेमागचा माणूस. माझ्या समोर बसून, टोपी काढून, माझं मत कुणीतरी मागत होतं. आणि दोनच दिवसांपूर्वी संस्थेतून फोनवर तिचे गुण कळले होते.

मी म्हणालो, "एक नवी तपासणी आहे, जनुकांची. अजून सिद्ध व्हायची आहे. त्यात धोका कमी आलाय."

"म्हंजे परत येणार न्हाय?"

"शक्यता कमी आहे."

"मग शेक नको."

"तसं मी म्हटलेलं नाही, आप्पासाहेब."

"न्हाय, तुम्ही कशाला म्हणशीला," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. त्यांना वाटलं, सर्जनचा मान राखायला मी उघड बोलत नाही. मी तो गैरसमज दूर केला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी काकवीची बाटली आणली. आयुष्यात पहिल्यांदा एका पेशंटच्या घरच्यांनी सर्जनला सोडून मला काही आणलं होतं. ती काकवी मी घरी सगळ्यांना कौतुकानं वाढली.

गंगाक्कानं शेक घेतला नाही. मशेरीही सोडली, सर्जनच्या धाकानं. त्या वेळी खरोखर सोडली होती, हे लक्षात असू द्या.

वर्षही झालं नव्हतं. शिवणीखाली, हाडाच्या त्याच बाजूला सूज आली. सर्जननी तुकडा काढून पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची गरजच नव्हती, तरी बघितलं. रिपोर्ट लिहिला, सही केली. मग ड्रॉवर उघडला आणि तो मेणाचा ठोकळा शोधून काढला. त्याचा पापुद्रा काढायला लावला, रंगवायला लावला.

काचेवर स्नायू होता. लाळेच्या ग्रंथीचा भाग होता. सूज आल्यावर गोळा होतात त्या पेशी होत्या. आणि एका कोपऱ्यात, नीट शोधल्यावर सापडतील असे, कॅन्सरचे दोन-चार पुंजके. बस. माझ्या मेणातला अर्धा असा, म्हणजे संस्थेकडं गेलेला अर्धाही असाच असणार. त्यांनी मोजले ते निरोप गंगाक्काच्या निरोगी मांसाचे होते. निरोगी मांस गप्पच असतं, त्याचा धोका कमीच येणार. लग्न एका घरात होतं आणि आम्ही वास घेतला होता शेजारच्या घराचा. त्यावरून मी एका माणसाला सांगितलं होतं की काळजी नको.

शेक घेतला असता तर गंगाक्का वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण तिला एक संधी होती आणि ती घ्यावी असं तिचा सर्जन सांगत होता. ती संधी माझ्या बोलण्यानं गेली.

त्याच दिवशी मी संस्थेला फोन करून तो नमुना बाद करायला सांगितला. "नमुना अपुरा," एवढंच कारण दिलं. त्यांनी आभार मानले. शास्त्राच्या बाबतीत मी असा ताबडतोब प्रामाणिक झालो. तिच्या घरच्यांना मात्र काही कळवलं नाही. योग्य वेळ बघून सांगू, असं ठरवलं.

ती वेळ आप्पासाहेबांनीच आणली. ते पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. या वेळी टोपी काढली नाही. खिशातून पत्र्याची चपटी डबी काढून टेबलावर ठेवली.

"गोठ्याच्या कोनाड्यात सापडली. मशेरी हाय. सुनेनं आणून दिली, कबूल झालीया. सायेब, तुम्ही धोका कमी म्हणालता. मग आलं कसं? ह्याच्यानंच उलटलं न्हवं?"

माझ्या उजव्या हाताशी ड्रॉवर होता. त्यात ती काच होती. त्या डबीकडं बघत मी म्हणालो, "मशेरी वाईटच."

हे वाक्य खरं आहे. कुठल्याही डॉक्टरला विचारा. म्हणूनच मी ते निवडलं.

आप्पासाहेबांनी मान हलवली. "बास," म्हणाले. डबी उचलून खिशात टाकली आणि गेले.

गंगाक्का पाडव्याच्या आधी गेली. तिच्या दिवसकार्यानंतर सुवर्णाला माहेरी पाठवलं. काही काळानं नवरा तिला घेऊन आला, पण त्या घरात नाही. दोघं गावातच वेगळी खोली घेऊन राहिली. आप्पासाहेब सुनेच्या हातचं पाणी घेत नाहीत, तिच्याशी बोलत नाहीत, हे मला दातांच्या डॉक्टरांकडून उडत उडत कळलं होतं. मी ते ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो. अशी बरीच वर्षं गेली. लॅब मी एका तरुण डॉक्टरांना दिली. सकाळी तासभर जाऊन बसायचो, एवढंच.

गेल्या वर्षी एका सकाळी सुवर्णा आत आली. केस पिकायला लागलेले, आशा वर्करची साडी. बरोबर गालात पांढरा चट्टा असलेली एक बाई होती, तिचा तुकडा द्यायला. त्या बाईला बाहेर बसवून सुवर्णा माझ्यासमोर उभी राहिली.

"वळखलंसा का?"

ओळखलं होतं.

"ही बाई आली कशी, ठावं हाय? लांबच्या वाडीवरची हाय, तिला माझं काय म्हाईत न्हाय म्हणून. नेसरीत मी दारात गेलो की बायका दार लावून घेत्यात. आमचं काम हाय, घरोघरी जाऊन बायकांची तोंडं बघायची. चट्टा दिसला की दवाखान्यात न्यायचं. त्या म्हणत्यात, सासूला मशेरी चारून मारलीस, आणि आम्हाला मशेरी सोडा म्हणून सांगतीस व्हय. तोंड उघडत न्हाईत. परवा एकजण गेली. ह्या गालाला चट्टा हुता, मला लांबनं दिसत हुता. तिनं मला बघू दिलं न्हाय."

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

"मला एकच सांगा. मी दिलती मशेरी. पण कवा दिली? तुमचा दुसरा रिपोर्ट आल्यावर. आत्ती म्हणाल्या, सुवर्णे, आता कशाला राखायचं, एक चिमूट आण. मरायलेल्या बाईला न्हाय कसं म्हणायचं? घरात सगळी उलटंच सांगत्यात, मशेरी दिली म्हणून रिपोर्ट आला. मी पुन्हा पुन्हा सांगून दमलो. आता माझं मलाच कळंनासं झालंय. माझ्यानं झालं का ते?"

"नाही," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. कडेचा तुकडा, न बघितलेली काच, आप्पासाहेबांना सांगितलेले गुण, ती डबी. ती खुर्चीवर बसली.

"म्हंजे तुमाला तवाच ठावं हुतं?"

"हो."

"मग मामांना का न्हाय सांगितलं?" सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"घाबरलो."

"कुणाला? मामांना?"

"नावाला. नाव जाईल म्हणून."

ती म्हणाली, "मला बी नाव हुतंच की."

तिचा आवाज चढला नव्हता. बाहेर बसलेल्या बाईला काही ऐकूही गेलं नसेल. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे मामांना सांगा. मला सांगून काय उपयोग?"

पुढच्याच आठवड्यात मी नेसरीला गेलो. येताना ठोकळा बरोबर घ्या, असं कुणी सांगितलं नव्हतं. पण नुसत्या शब्दांवर माझा विश्वास उरला नव्हता. कळवलं होतं, म्हणून सुवर्णा स्टँडवर आली होती. घरापर्यंत बरोबर चालली, अंगणाच्या कडेला थांबली. आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. नजर अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

ते ऐकून म्हणाले, "सुनेनं आणलंय तुमाला."

"नाही. मी आलोय."

"तवा एक सांगितलंसा, आता दुसरं सांगता. मी कुठलं खरं धरू?"

मी पिशवीतून ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. हे काय, त्यांनी विचारलं. गंगाक्काचा तुकडा, मी म्हणालो, आमच्याकडं राहिलेला अर्धा.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग अंगठ्यानं चाचपला. मेणात एक फिकट ठिपका दिसतो, तेवढाच. "ही अजून तुमच्याकडं हुती?" ते म्हणाले. "इतकी वर्सं? आम्ही सगळं केलं, दहावं, तेरावं. आणि ही कपाटात?"

"हो."

"ह्यात रोग कुठं हाय?"

मी त्यांचा अंगठा धरून ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ठेवला. "इथं, अगदी थोडा. बाकी सगळं रोगाशिवायचं."

"म्हंजे हे सगळं तिचं चांगलं मांस."

"हो."

"आणि हे बघून तुम्ही मला सांगितलंसा, येणार न्हाय म्हणून."

"हो."

त्यांनी ठोकळा मुठीत बंद केला. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या नाहीत. त्यांनी अंगणाकडं तोंड केलं. त्यांना नीट दिसत नसणार, पण कुणीतरी उभं आहे एवढं कळत असावं. "ती उन्हात कशाला हुबी राहिलीया," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले, ते कळलं नाही. सुवर्णा पायरीपर्यंत आली आणि सावलीत थांबली. आत बोलावलं नव्हतं, म्हणून आत गेली नाही. मला त्यांनी "जावा आता" म्हटलं. ठोकळा परत दिला नाही, मी मागितला नाही. त्या घरात मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यात हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

स्टँडपर्यंत सुवर्णा सोबत आली. म्हणाली, "मामांचं मामा बघतील. बायकांचं काय? त्यांना मी सांगितलं तर म्हणतील, आपली बाजू मांडतीया. तुम्ही कुठंतरी छापा. छापलेलं मी घेऊन फिरतो."

हा अंक तिच्याकडं जाईल, म्हणून शेवटचं नेसरीच्या आणि आसपासच्या बायकांसाठी लिहितो. गंगाक्काचा रोग सुवर्णामुळं परत आला नाही. मशेरीची डबी त्या घरात आली, त्याच्या आधीच तो परत आलेला होता. तो रिपोर्ट मीच लिहिला होता. ऑपरेशननंतर जो उपचार घ्यायला हवा होता, तो माझ्या बोलण्यावर विसंबून घेतला गेला नाही. दोष कुणाला द्यायचा असेल तर मला द्या, माझं नाव या लेखाखाली आहे. मशेरी वाईटच. ते वाक्य या वेळी दुसऱ्या कशावर पांघरूण घालायला वापरत नाही. सुवर्णाला गालातला चट्टा लांबून दिसतो, जवळून आणखी नीट दिसेल. ती दारात आली, तर तोंड उघडून दाखवा.